जुना सोफा, फ्रिज, वॉशिंग मशीन चॅरिटी शॉपला द्यायचंय? मग आधी एवढं करा

घरातली एखादी मोठी वस्तू नकोशी झाली की आपण बहुतेक सगळे एकच करतो. ती आधी आतल्या खोलीत जाते, मग बाल्कनीत नाहीतर जिन्याखाली, आणि तिथे दोन-चार वर्षं पडून पार भंगार झाली की मग आपल्याला दानधर्म आठवतो. मी पण हेच केलंय. नवीन वॉशिंग मशीन आलं म्हणून जुनं, चांगलं चालतं मशीन बाजूला काढलं, देऊ कोणाला तरी म्हणत तीन वर्षं चादर टाकून ठेवलं आणि शेवटी चॅरिटी शॉपवाल्यांना बोलावलं तर दाराच्या रबराला काळी बुरशी, आत साठलेल्या पाण्याचा कुबट वास आणि पंप जाम. आलेल्या माणसाने मिनिटभर बघितलं आणि अगदी सभ्यपणे नको म्हणाला. मला तेव्हा रागच आला होता, फुकट देतोय तरी नखरे म्हणून, पण चूक माझी होती. तीन वर्षांपूर्वी तेच मशीन चटकन कुणीतरी घेतलं असतं.

तर पहिली गोष्ट ही, द्यायचं असेल तर चालू आहे तोवर द्या. झाकून ठेवलेली वस्तू जपली जाते हा निव्वळ गैरसमज आहे. रबर कडक पडतं, आतला ओलावा गंज धरतो, उंदीर वायरी कुरतडतात, लाकडी वस्तू ओल्या भिंतीला टेकून फुगते. नवीन वस्तू ज्या आठवड्यात घरात येणार असेल त्याच आठवड्यात जुनीची सोय लावा, "नंतर बघू" म्हटलं की संपलं.

दुसरं म्हणजे चॅरिटी शॉप चालतं कसं ते नीट समजून घ्या, म्हणजे बाकीचे नियम आपोआप पटतात. ही लोकं तुमची वस्तू घेतात, विकतात, आणि त्या पैशातून संस्थेचं काम चालतं. काही संस्था वस्तू थेट गरजू कुटुंबांनाही देतात. फ्रान्समध्ये १९४९ साली सुरू झालेली एमाउस चळवळ तर उभीच राहिली लोकांनी टाकलेल्या वस्तू गोळा करून, दुरुस्त करून विकण्यावर, आणि ते काम करणारे स्वतःच बेघर झालेले लोक होते. पण विकायचं म्हटलं की जागा लागते, गाडी लागते, उचलणारे हात लागतात. जे विकलं जाणार नाही ते फेकायचा खर्च पण दुकानालाच पडतो, म्हणजे तुमच्या मोडक्या कपाटाचं दान हे खरं तर त्यांच्या डोक्यावर टाकलेलं बिल असतं. म्हणून फोन करायच्या आधी वस्तूसमोर उभं राहून स्वतःला विचारा, एखादा अनोळखी माणूस ही वस्तू आहे तश्शी, आज, पैसे देऊन घरी नेईल का? उत्तर द्यायला तुम्ही जरा अडखळलात तर ती रिसायकलिंगची वस्तू आहे, दानाची नाही.

आता फोन. न विचारता वस्तू गाडीत घालून दुकानात जाऊ नका, आणि रात्री बंद शटरसमोर ठेवून तर अजिबात येऊ नका, पाऊस पडला की सकाळी तो सोफा नाही, चिंब झालेला कचरा असतो. सगळी दुकानं सगळं घेत नाहीत. काही फक्त कपडे-पुस्तकं घेतात, काही फर्निचर घेतात पण विजेवर चालणारं काही घेत नाहीत कारण ते तपासायला त्यांच्याकडे माणूस नसतो. उलट काही दुकानं आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त घेतात, हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या गरजूंना घरं बांधून देणाऱ्या संस्थेची रीस्टोअर नावाची दुकानं आहेत, पहिलं कॅनडातल्या विनिपेगला १९९१ मध्ये निघालं, तिथे फर्निचरसोबत दारं, किचनची कपाटं, सिंक, उरलेल्या टाइल्स असलं बांधकामाचं सामान पण चालतं. तेव्हा विचारून घ्या.

फोन करताना हाताशी काय हवं तर दिवसाच्या उजेडात काढलेले चार-पाच फोटो, लांबी-रुंदी-उंची, वस्तू साधारण किती जुनी आहे, आणि मशीन असेल तर मॉडेल नंबर. तो मागच्या स्टिकरवर नाहीतर दाराच्या आतल्या कडेला असतो. हाच नंबर कंपनीच्या साइटवर टाकून ते मॉडेल रिकॉल झालंय का, म्हणजे दोष निघाला म्हणून कंपनीने परत मागवलंय का, तेही बघून घ्या, कारण रिकॉल झालेली वस्तू दुकानाने विकायची नसते. कुठे ओरखडा असेल, एक बर्नर पेटत नसेल, एक खण अडकत असेल तर फोटो त्याचाच आधी पाठवा. लपवून काही होत नाही, माणसं दारात येऊन परत जातात आणि दोघांचा दिवस वाया जातो. आणि कितव्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे का, त्या लिफ्टमध्ये वस्तू मावते का हे न विसरता सांगा. आत आणताना कपाट सुटं होतं आणि जोडणी घरात झाली होती हे आपण विसरलेलो असतो, मग दाराच्या चौकटीत अडकलं की आठवतं.

फर्निचरमध्ये सगळ्यात आधी कीड. लाकडाला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं असतील आणि खाली पिठासारखा ताजा भुसा पडत असेल तर किडा अजून आत आहे, अशी वस्तू दुकानात गेली की शेजारच्या दहा वस्तूंना लागते. जुनी भोकं आणि भुसा नाही, तर बहुतेक वेळा हरकत नसते पण सांगा. ढेकूण त्याहून वाईट. सोफ्याच्या शिवणी, गादीची गोट, पलंगाचे सांधे टॉर्च लावून बघा, काळे बारीक ठिपके, कात टाकलेली सालं, पांढरी अंडी दिसली तर ती वस्तू कुणालाच देऊ नका, फुकट पण नाही. ढेकूण काही न खाता महिनोन्महिने तग धरतो, त्यामुळे "खोली बंदच होती, मेले असतील" हे काही खरं नाही. आणि गाद्या बहुतेक ठिकाणी घेतच नाहीत, कितीही नवी असली तरी, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

सोफा, गादीची खुर्ची असलं काही असेल तर त्याला शिवलेलं कंपनीचं लेबल कापू नका. आपल्याला ते कुरूप वाटतं, पण ब्रिटनमध्ये १९८८ च्या नियमांपासून आग न पकडण्याबद्दलचं लेबल नसेल तर दुकानं असा सोफा नाकारतात, मग तो कितीही देखणा असो. लहान मुलांचे पाळणे-कॉट हा पण नाजूक विषय. ज्यांची एक बाजू खाली सरकते ते कॉट अमेरिकेत २०११ पासून विकायलाच बंदी आहे, कारण ती बाजू निसटून फटीत अडकून बाळं दगावली. गाडीतली मुलांची सीट तर एकदा अपघातातून गेली असेल तर बाहेरून काहीही दिसलं नाही तरी देऊ नये.

सुटं करायचं फर्निचर असेल तर माझं मत जरा वेगळं आहे. लोक म्हणतात सुटं करून द्या, न्यायला सोपं. भक्कम लाकडाचं असेल तर जरूर करा, पण भुशाच्या दाबलेल्या बोर्डचं स्वस्त कपाट असेल तर शक्यतो उभंच जाऊ द्या, कारण त्या बोर्डमध्ये स्क्रू एकदा काढून परत घातला की पकड सैल होते, आणि दोन-तीनदा केलं की कपाट झुलायलाच लागतं. सुटं केलंच तर खोलायच्या आधी फोटो, प्रत्येक सांध्यावर पेन्सिलने नंबर, आणि सगळे स्क्रू, ती वाकडी चावी, कप्प्यांचे आधार एका पिशवीत घालून पिशवी कपाटाच्याच आत चिकटपट्टीने चिकटवा. वेगळी दिली की हरवली समजा. खण पूर्ण बाहेर काढून मागे हात घालून बघा, मला एकदा तिथे पासपोर्ट मिळालाय, तोही नवीन काढून झाल्यावर.

आता मशीनं, इथे जरा वेळ द्या. एक सरसकट नियम, कशाचाही प्लग कापू नका. दुकान विकायच्या आधी शॉक लागत नाही ना हे तपासतं आणि प्लगच नसेल तर तपासणार काय.

फ्रिज न्यायला येणार असतील त्याच्या आदल्या दिवशीच बंद करा, बर्फ आपोआप वितळू द्या, सुरीने खरवडू नका, एक भोक पडलं की गॅस गेला आणि फ्रिजही गेला. मागे कॉम्प्रेसरच्या वर एक छोटा ट्रे असतो जो दहा वर्षं कोणी बघितलेला नसतो, त्यात पाणी साठतं, तो पुसा नाहीतर ते पाणी थेट उचलणाऱ्याच्या पायावर. दाराच्या रबराच्या घड्या जुन्या टूथब्रशने साफ करा. पुसून पूर्ण कोरडा झाला की दाराला फट ठेवा, बंद ठेवलात तर एका रात्रीत वास येतो, पण घरात लहान मूल असेल तर दोरी अशी बांधा की फट राहील आणि दार पूर्ण उघडणार नाही. हे मी उगाच घाबरवायला सांगत नाहीये, खटक्याच्या दाराच्या जुन्या फ्रिजमध्ये लपलेली मुलं गुदमरून गेली म्हणून अमेरिकेत १९५६ मध्ये आतून दार उघडता आलंच पाहिजे असा कायदा करावा लागला. फ्रिज न्यायचा तो उभाच. आडवा केला की कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत जातं, मग नेलेल्या जागी काही तास उभा ठेवल्याशिवाय चालू करायचा नसतो, आणि हे नेणाऱ्याला सांगायचं काम तुमचं.

मागच्या स्टिकरवर गॅसचं नाव असतं तेही वाचा. आर-६००ए असेल तर तो पेट घेणारा वायू आहे, नळीला धक्का लागू द्यायचा नाही. आणि आर-१२ लिहिलेला फार जुना फ्रिज असेल तर तो ओझोनच्या थराला भोक पाडणाऱ्या वायूंपैकी, १९८७ च्या माँट्रियल करारानंतर बंद होत गेलेला, असा फ्रिज दुकानात नको आणि नळ्या तोडून तांबं काढणाऱ्या भंगारवाल्याकडे तर नकोच, गॅस नीट काढून घेणाऱ्या रिसायकलरकडे द्या.

वॉशिंग मशीनमध्ये दिसत नसलं तरी पाणी असतं. नळ बंद करून एकदा नुसतं स्पिन फिरवा, मग पाइप काढा, समोरून कपडे घालायचं मशीन असेल तर खालच्या कोपऱ्यातल्या झाकणाआडचा फिल्टर ताट आणि जुना टॉवेल ठेवून हळू खोला, तांब्याभर तरी पाणी निघतं आणि सोबत नाणी, बटणं, हेअरपिना. शिवाय या मशीनला नवीन आणल्यावर मागून तीन-चार लांब बोल्ट काढलेले असतात, ते ड्रम धरून ठेवायला असतात, सापडले तर परत लावा. ड्रम आत स्प्रिंगवर लोंबकळत असतो, बोल्टशिवाय गाडीत हादरे बसले की मशीन दारातून निघालं चालू आणि पोचलं बंद. नसतील सापडत तर निदान सांगा.

मायक्रोवेव्हची परीक्षा सोपी आहे, आत कपभर पाणी ठेवून एक मिनिट चालवा, कप काढून पाणी गरम झालंय का बघा. रिकामा चालवू नका. दार वाकलंय, जाळी फुटलीये, नीट बंद होत नाही असं असेल तर द्यायचाच नाही, आणि घरी खोलून बघायच्या भानगडीतही पडू नका, आतला कपॅसिटर प्लग काढल्यावरही विजेचा भार धरून असतो. टीव्ही स्मार्ट असेल तर फॅक्टरी रिसेट करा, नाहीतर तुमचं अकाउंट आणि वायफायचा पासवर्ड पण दानात जातो. टीव्हीचे पाय आणि रिमोट आत्ताच शोधायला घ्या, त्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. गॅसवर चालणाऱ्या शेगड्या, हीटर बरीच दुकानं घेत नाहीत, तेव्हा बाकीचं ठरवताना ते वेगळं विचारा.

न्यायला येतील त्या दिवशी प्लग लावायची जागा मोकळी ठेवा, म्हणजे समोर चालू करून दाखवता येतं. वाटेतल्या चपला, कुंड्या, सायकल बाजूला करा. मॅन्युअल असेल तर फ्रिजच्या आत टाकून द्या. पावती मागायला लाजू नका. करात सूट मिळते की नाही हे देशादेशात वेगळं आहे आणि काही ठिकाणी वस्तूच्या दानाला मिळतच नाही, पण अमेरिकेत २००६ च्या कायद्यापासून सर्वसाधारणपणे घरातली वस्तू निदान चांगल्या अवस्थेत असेल तरच सूट धरतात, म्हणून तिथे वर काढलेले ते फोटो जपून ठेवा.

आणि नको म्हणाले तर? कारण विचारा. दुकानाला खर्च परवडत नाही अशी नुसती छोटी दुरुस्ती असेल तर ती तुम्ही करून परत विचारू शकता, एखादं बिजागर, एखादी दाराची पट्टी. मशीन मेलेलंच असेल तर ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. चांगलीच आहे पण त्यांच्याकडे जागा नाही म्हणाले तर दुसऱ्या दुकानाला त्याच दिवशी फोन लावा, ती वस्तू आतल्या खोलीत परत ठेवू नका.