मूलपेशींपासून चेतापेशी: जनुकाला दोष देण्याआधी या चुका टाळा

स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असलेल्या माणसाच्या जिवंत मेंदूचा तुकडा संशोधनासाठी मिळत नाही. मृत्यूनंतर मिळतो, पण तोवर त्या मेंदूवर आजाराची, औषधांची आणि तंबाखूची वीस-तीस वर्षं साचलेली असतात. म्हणूनच शिन्या यामानाका यांच्या गटाने २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली माणसाच्या त्वचेतल्या पेशींना चार जनुकांच्या बळावर मूलपेशींच्या अवस्थेत परत नेलं, तेव्हा मनोविकारांवर काम करणाऱ्यांना मोठी वाट सापडल्यासारखं झालं. रुग्णाचं थोडं रक्त किंवा त्वचा घ्यायची, त्यापासून अशा परत नेलेल्या मूलपेशी, म्हणजे आयपीएस पेशी, करायच्या आणि त्यांच्या चेतापेशी घडवायच्या. २०११ मध्ये सॉल्क इन्स्टिट्यूटमधल्या गटाने स्किझोफ्रेनियाच्या चार रुग्णांच्या पेशींपासून केलेल्या चेतापेशींमध्ये आपसातल्या जोडण्या कमी असल्याचं दाखवलं. पाच औषधं वापरून पाहिली, त्यांतल्या लॉक्सापिनने जोडण्या वाढल्या.

तो प्रयोग पहिला होता, म्हणून चार रुग्ण चालून गेले. आज नव्याने प्रयोग आखणाऱ्याने तोच आकडा उचलणं ही माझ्या मते या क्षेत्रातली सगळ्यांत महागडी चूक आहे.

वेल मोजू नका, माणसं मोजा

समजा, चार रुग्ण आणि चार निरोगी दाते आहेत. प्रत्येकाचे तीन क्लोन (एकेका पेशीपासून वाढवलेले गट), प्रत्येक क्लोनच्या बारा वेल (प्लेटमधले छोटे खळगे). एकूण २८८ वेल होतात आणि आलेख देखणा दिसतो. पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही असा निकाल योगायोगाने येण्याची शक्यता) इतकी लहान येते की मार्गदर्शकही खूश होतात. पण तुमचा नमुना आठ माणसांचाच आहे. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण एकाच पातेल्यातली चोवीस शितं दाबली तरी ते पातेलं शिजलंय एवढंच कळतं. शेजारच्या घरचा भात कसा झालाय, हे त्यातून कळत नाही.

हा फरक किती मोठा असू शकतो, ते ब्रिटनच्या हिपसाय या आयपीएस पेशींच्या प्रकल्पाने २०१७ मध्ये मोजलं. ३०१ दात्यांच्या ७११ लाइन (एका दात्यापासून घेऊन वाढवत ठेवलेल्या पेशी) तपासल्यावर पेशींच्या निरनिराळ्या गुणधर्मांमधल्या फरकांपैकी ५ ते ४६ टक्के फरक निव्वळ माणूस बदलल्यामुळे पडतो असं दिसलं. त्या सगळ्या फरकांचा आजाराशी काही संबंध नव्हता. त्यामुळे चार विरुद्ध चारमध्ये दिसलेला फरक हा आजाराचा की या आठ माणसांचा, हे सांगायची सोयच उरत नाही.

उपाय सोपा आहे, खर्च मात्र वाढतो. पैसे मर्यादित असतील तर क्लोन कमी करा आणि दाते वाढवा. विश्लेषणात दाता हा वेगळा स्तर धरणारं मिश्र मॉडेल वापरा. एकाच माणसाचे क्लोन स्वतंत्र नमुने म्हणून मोजले की खोटे निष्कर्ष भराभर वाढतात. आणि आलेखावर प्रत्येक ठिपका कशाचा आहे ते लिहा: वेलचा, क्लोनचा की माणसाचा. हा एक तपशील लपवलेला दिसला की मी पुढचे आलेख फार विश्वासाने वाचत नाही.

प्रश्न आणि साधन यांची जोडी जुळवा

स्किझोफ्रेनियाच्या २०२२ च्या मोठ्या जनुकीय अभ्यासात जीनोमवरच्या २८७ जागा आजाराशी जोडलेल्या निघाल्या. त्यांतल्या बहुतेकींचा एकेकटीचा परिणाम अगदी बारीक. दहा रुग्ण आणि दहा निरोगी माणसं घेऊन अशा एका बदलाचा परिणाम डिशमध्ये शोधायला गेलात तर काहीच सापडणार नाही. सापडलंच, तर आधी शंका घ्या.

मोठा परिणाम करणाऱ्या दुर्मीळ बदलांपासून सुरुवात करणं शहाणपणाचं. बाविसाव्या गुणसूत्रावरचा २२क्यू११.२ हा तुकडा गळालेल्यांपैकी साधारण चौघांत एकाला पुढे मनोविकृती होते. स्टॅनफर्डच्या सर्जिउ पास्का यांच्या गटाने २०२० मध्ये असे १५ जण आणि १५ निरोगी दाते घेतले. त्यांना चेतापेशींच्या विद्युत वर्तनात फरक सापडला आणि त्याचा माग डीजीसीआर८ या जनुकापर्यंत लागला. न्यूरेक्सिन-१ चं उदाहरण मला त्याहून जास्त शिकवणारं वाटतं. आधी निरोगी लाइनमध्ये या जनुकाची एक प्रत बंद केली, तर चेतापेशींमधून रसायन सुटण्याचं प्रमाण घटलं. नंतर खऱ्या रुग्णांच्या पेशींतही तेच दिसलं. उंदराच्या चेतापेशींत मात्र दिसलं नाही. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर येणं, ही या क्षेत्रातली खरी कसोटी.

क्रिस्परने, म्हणजे डीएनए कापून बदलणाऱ्या तंत्राने, एकच अक्षर बदलून जुळी लाइन केली की झालं, असंही समजू नका. मूलपेशींमध्ये डीएनए तुटला की पी५३ हे पेशीचं रखवालदार प्रथिन जागं होतं आणि पेशी मरतात. ज्या तगतात, त्यांत पी५३ बिघडलेल्या पेशींना झुकतं माप मिळू शकतं. कापलेल्या जागी मोठा तुकडा गळू शकतो, आणि नेहमीच्या लहान पीसीआरमध्ये (डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवून पाहण्याच्या चाचणीत) तो दिसतही नाही, कारण त्या प्रतीवर तुकड्याची टोकं धरणारा प्रायमरच बसत नाही. उरलेली प्रत वाचून आपण म्हणतो, दोन्ही प्रती छान बदलल्या. म्हणून जवळपासच्या एखाद्या एसएनपीच्या (माणसागणिक बदलणाऱ्या एका अक्षराच्या) दोन्ही प्रती अजून शिल्लक आहेत ना, ते पाहा. तुलनेसाठी मूळ लाइनपेक्षा त्याच प्रक्रियेतून गेलेले पण न बदललेले क्लोन घ्या, आणि तोच बदल आणखी एखाद्या दात्याच्या पेशींतही करून बघा.

पेशी तीच राहिली आहे का?

मूलपेशी महिनोन्‌महिने वाढवताना त्या गुपचूप बदलतात. जी पेशी जरा भराभर वाढते, तीच डिश व्यापते. २०क्यू११.२१ या भागाची जादा प्रत हा नेहमीचा गुन्हेगार. तिथलं बीसीएल२एल१ जनुक पेशीला मरू देत नाही. हा तुकडा बऱ्याचदा इतका लहान असतो की साध्या कॅरिओटाइपमध्ये (सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं पाहण्यात) सुटतो, त्यामुळे एसएनपी अ‍ॅरे किंवा त्या जागेची क्यूपीसीआर अशी प्रती मोजणारी चाचणी करावी लागते. २०१७ मध्ये १४० भ्रूणीय मूलपेशी लाइन तपासल्या, त्यांतल्या पाचांमध्ये टीपी५३ या पी५३ च्या जनुकाचे कर्करोगात दिसणारे बदल आढळले.

एखादी लाइन अचानक ‘फार छान’ वाढायला लागली तर खूश होऊ नका, तपासा. ठरावीक पॅसेजनंतर (पेशी नव्या डिशमध्ये हलवण्याच्या फेऱ्यांनंतर) गोठवलेल्या जुन्या व्हायलकडे परत जायचा नियम करा. एसटीआर चाचणीने लाइन त्याच माणसाची आहे याची खात्री करून घ्या. मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाणूची चाचणी दर महिन्याला करा. त्याने माध्यम गढूळ होत नाही, आणि त्याला पेशीभित्तिकाच नसल्यामुळे पेनिसिलिन त्याचं काही बिघडवू शकत नाही.

टेबलावर नेहमी येणाऱ्या अडचणी

चेतापेशींचा थर चादरीसारखा सोलून निघतो. तिसऱ्या आठवड्यात हे झालं की रडू येतं. आधी पेशी चिकटाव्यात म्हणून डिशला दिलेला लेप तपासा. पॉलिऑर्निथिन नीट धुतलं नसेल तर ते विषारी ठरतं. मॅट्रिजेल बर्फावरच वितळवायचं आणि थंड टिपनेच हाताळायचं, नाहीतर ते नळीतच घट्ट होतं आणि डिशवर अर्धामुर्धा थर बसतो. माध्यम एका वेळी अर्धंच बदला, कडेने आणि हळू.

मूलपेशी सुट्या केल्यावर ढिगाने मरतात. रॉक इन्हिबिटर (सुट्या पेशींना मरण्यापासून वाचवणारं रसायन) विसरला असाल. नेहमी वापरलं जाणारं वाय-२७६३२ दहा मायक्रोमोलर घालतात आणि दुसऱ्या दिवशी काढतात.

प्लेटच्या कडेच्या वेलमधले आकडे वेगळे येतात, कारण तिथलं पाणी जास्त उडतं. कडेला नुसतं बफर भरा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे रुग्ण डावीकडे आणि निरोगी उजवीकडे अशी मांडणी करू नका. रुग्णांच्या लाइन सोमवारी आणि निरोगी गुरुवारी, असंही नको. हे सांगावं लागतं याचं आश्चर्य वाटतं, पण सांगावं लागतं. २०१८ मध्ये पाच प्रयोगशाळांनी त्याच लाइन, तीच पद्धत घेऊन चेतापेशी बनवल्या, तरी निकालांतल्या फरकाचं सगळ्यांत मोठं कारण प्रयोगशाळाच ठरली.

मायक्रोइलेक्ट्रोडवर (पेशींचे विद्युत संकेत टिपणाऱ्या बारीक विद्युताग्रांवर) ‘फायरिंग कमी’ दिसलं तर लगेच जनुकाचं नाव घेऊ नका. वेलमध्ये पेशी किती उरल्यात ते मोजा. खाली अ‍ॅस्ट्रोसाइट (चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी) आहेत का, माध्यम कोणतं आहे, हे पाहा. अ‍ॅस्ट्रोसाइट उंदराचे असतील, तर आरएनए वाचताना माणूस आणि उंदीर दोघांचे जीनोम एकत्र ठेवून जुळवणी करा, नाहीतर उंदराचं जनुक तुमच्या रुग्णाच्या नावावर जमा होईल.

कोणती चेतापेशी, किती वयाची

एनजीएन२ हे जनुक देऊन दोन आठवड्यांत उत्तेजक चेतापेशी मिळतात, म्हणून सगळे तीच पद्धत वापरतात. पण तुमचं जनुक जर प्रतिबंधक चेतापेशींत काम करणारं असेल तर उत्तर चुकीच्या घरात शोधताय. वयाचंही भान हवं. डिशमधली चेतापेशी गर्भावस्थेतल्या मेंदूच्या जवळ असते, आजार दिसतो तो विशीत. आणि मूलपेशीच्या अवस्थेत परत जाताना आयुष्याने पेशीवर उमटवलेल्या खुणा बऱ्याच पुसल्या जातात. ताण, गांजा, बालपणीचा आघात यांचा ठसा इथे शोधू नका. वारसा मात्र उरतो. २०१५ मध्ये बायपोलरच्या सहा रुग्णांच्या चेतापेशी अतिउत्तेजित दिसल्या. लिथियमने ही उत्तेजना ज्यांच्या पेशींत उतरली, त्याच रुग्णांना लिथियम लागू पडलेलं होतं.

आपल्याकडच्या दात्यांबाबत

बेंगळुरूत निमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था आणि एनसीबीएस व इनस्टेम या जीवविज्ञानाच्या संशोधन संस्था यांनी मिळून अनेक आजारी सदस्य असलेल्या कुटुंबांचा मोठा प्रकल्प उभा केला आहे. तिथली कल्पना उचलण्यासारखी आहे: त्याच घरातला आजार नसलेला भाऊ किंवा बहीण तुलनेला घ्यायची. युरोपीय दाता आणि मराठवाड्यातला रुग्ण अशी जोडी लावलीत तर वंशाचा फरक आजाराच्या खात्यात जाईल. युरोपीय लोकांवर बेतलेला पॉलिजेनिक स्कोअरही (अनेक जनुकीय बदलांवरून काढलेला जोखमीचा आकडा) आपल्याकडे तितका नेमका बसत नाही.

संमतिपत्र मराठीत, घरच्यांना कळेल असं लिहा. या पेशी वर्षानुवर्षं जिवंत राहतील, दुसऱ्या प्रयोगशाळांकडे जातील, त्यातून तुमच्या माणसाचा उपचार लगेच बदलणार नाही, ही तीन वाक्यं त्यात वेगवेगळी असू द्या. नीतिसमितीबरोबर संस्थेच्या मूलपेशी संशोधन समितीचीही मान्यता लागते, तिचा अर्ज रक्त घेण्याच्या आधी करा.