ऑप्शनमध्ये कर्ज बुडालं, वसुलीचे फोन नातेवाइकांना: कसे थांबले

भुसावळच्या माझ्या मावसभावाने लोन अ‍ॅपवरून पैसे उचलून शेअर बाजारातल्या ऑप्शनमध्ये (भावाच्या चढउतारावर लावलेल्या जोखमीच्या सौद्यांत) घातले. ते बुडाले, हप्ते बाउन्स झाले आणि वसुलीवाले रात्री रावेरच्या मामांना फोन करू लागले. फार संताप आला.

सिम बदललं, तर मामांचे फोन वाढले. दुसऱ्या अ‍ॅपचं कर्ज काढून पहिलं फेडलं, तर हप्ता फुगला.

उपयोगी पडलं ते असं: आधी ब्रोकरच्या अ‍ॅपमधून एफ अँड ओ सेगमेंट (फ्युचर्स आणि ऑप्शनचे सौदे करण्याची सोय) बंद करवला. तो चालू असेल तर पुढचं सगळं व्यर्थ. मग कर्जाच्या केएफएसमधून (कर्जाच्या मुख्य अटींचा कागद) अ‍ॅपमागची खरी एनबीएफसी, म्हणजे प्रत्यक्ष कर्ज देणारी बिगर-बँक वित्त कंपनी शोधली. तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला कॉल लॉगच्या स्क्रीनशॉटसह ईमेल केला: सकाळी ८ आधी, संध्याकाळी ७ नंतर फोन करणं आणि मोबाइलमधले कॉन्टॅक्ट घेणं रिझर्व्ह बँकेच्या सूचनांविरुद्ध आहे. त्यातच परवडणारा हप्ता आकड्यानिशी लिहिला, पगाराची स्लिप जोडली. माझ्या मते फरक यानेच पडला.

३० दिवस उत्तर आलं नाही. मग रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर, ईमेलची प्रत जोडून, तिच्या लोकपालाकडे (ग्राहकांच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी) तक्रार केली. त्यानंतर फोन थांबले, मुदत वाढून हप्ता उतरला.

एजंटच्या यूपीआयवर काही पाठवू नका. थेट एनबीएफसीच्या खात्यातच भरा.