रस्त्यावरचं मूल दिसलं तर आधी विचारा : रात्री कुठे झोपतोस?

नाशिकच्या रामकुंडावर दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यातली नाणी काढणारा पोरगा आणि नाशिकरोड स्टेशनच्या जिन्याखाली दप्तर उशाला घेऊन पडलेला पोरगा, दिसायला दोघे सारखेच मळके. पण पहिल्याची आई बहुधा जवळच द्रोण-दिवे विकत बसलेली असते. दुसऱ्याचं या शहरात कुणीच नसतं. म्हणून नाव-गाव विचारण्याआधी त्याच्याशेजारी बसा आणि विचारा, "रात्री कुठे झोपतोस? कुणाबरोबर?" पहिलं उत्तर बऱ्याचदा खोटं असतं. चहा-बिस्किट द्या, थांबा. पैसे देऊ नका. हातात पैसे पडले की मूल निघून जातं.

मूल एकटं असेल तर १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी लावा. फोन फुकट, चोवीस तास चालू. नुसतं "पंचवटीत आहे" सांगून भागत नाही. "गाडगे महाराज पुलाखाली, लाल शर्ट, अंदाजे नऊ वर्षं, पायाला जखम" असं सांगा. आणि पथक येईपर्यंत हलू नका. फोन करणारा निघून जातो, मूल जागा बदलतं, पथक रिकाम्या हाताने परततं. बहुतेक वेळा घोळ होतो तो इथेच.

कितीही कळवळा आला तरी मुलाला घरी नेऊन ठेवू नका. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे असं मूल सापडल्याचं चोवीस तासांत कळवावंच लागतं. न कळवणं गुन्हा आहे. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत त्याला बालकल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या समितीपुढे, हजर करायचं असतं. हे काम तुम्हीही करू शकता. समितीची बैठक नसेल तर एका सदस्यापुढे नेलं तरी चालतं. पोलीस ठाण्यात गेलात तर 'बालकल्याण पोलीस अधिकारी' कोण, असंच विचारा. मुलाला कोठडीत ठेवता येत नाही. फोटो काढून ग्रुपवर टाकणं तर अजिबात नको. ओळख उघड केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कुटुंबासोबत राहणाऱ्या मुलाची गोष्ट वेगळी. गरिबी हे आईपासून तोडायचं कारण नव्हे. कायद्यातही बालगृह हा शेवटचा उपाय आहे. शाळा सुटल्यावर आईच्या टोपलीपाशी बसणं गुन्हा नाही. ठेकेदाराकडे चौदा वर्षांखालचं मूल राबत असेल, तर तो आहे. कुणी भीक मागायला लावत असेल तर पाच वर्षांपर्यंत कैद.

इथे खरी लढाई शाळेची. पेठ, सुरगाणा तालुक्यांतून कामाला आलेल्या कुटुंबांना "जन्मदाखला नाही, जूनमध्ये या" असं सांगून परत पाठवलं जातं. दोन्ही कारणं खोटी. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे ६ ते १४ वयाच्या मुलाला वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही आणि वर्षाच्या मध्यातही घ्यावंच लागतं. दहा वर्षांच्या मुलीला पहिलीत नाही, वयानुरूप वर्गात बसवायचं आणि मागे राहिलेलं विशेष प्रशिक्षणातून भरून काढायचं. पुरावा म्हणून दवाखान्याची किंवा अंगणवाडीची नोंद, तीही नसेल तर पालकांचं वयाचं स्वयंघोषणापत्र. अर्ज दोन प्रतींत लिहा, मुख्याध्यापकांची सही-शिक्का दुसऱ्या प्रतीवर घ्या. तोंडी नकार सिद्ध करणं अवघड जातं. पोच हाती असली की मनपाच्या शिक्षण विभागाकडे जाता येतं. गावी परतणार असतील तर निघण्याआधी शाळेकडून शिक्षण हमी कार्ड, म्हणजे तिथल्या शाळेत शिक्षण पुढे चालू ठेवण्यासाठीचं कार्ड, मागून घ्या.

जन्मदाखल्याचं काम प्रवेशानंतर सुरू करा. वर्ष उलटलेली नोंद जिल्हाधिकाऱ्यांच्या किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या दंडाधिकाऱ्यांच्या आदेशानेच होते, त्याला वेळ लागतो. दाखल्यासाठी शाळा अडवून ठेवू नका.

आणि थोरलीचं नाव घालाल त्याच दिवशी धाकट्याला अंगणवाडीत घाला. नाहीतर आठवड्याभरात ती त्याला कडेवर घेऊन द्वारकाच्या सिग्नलवर परत दिसते.