पॉवर ॲप्समधल्या ॲपला ॲझ्युअर एसक्यूएलचा डेटा कसा जोडायचा

डेटा क्लाउडवर ॲझ्युअर एसक्यूएलमध्ये (मायक्रोसॉफ्टचा ऑनलाइन डेटाबेस) पडलाय आणि त्यावर पॉवर ॲप्समध्ये (मायक्रोसॉफ्टचंच, फारसं कोडिंग न करता ॲप बनवायचं साधन) एक साधं ॲप हवंय, अशा वेळी बरेच जण डेटा एक्सेलमध्ये काढतात आणि ती फाईल ॲपला जोडून मोकळे होतात. तसं करू नका, फाईल लगेच शिळी होते आणि मग खरा आकडा कुठला यावरून वाद सुरू. सरळ मूळ डेटाबेसच जोडा. जोडणं हे तसं पाच मिनिटांचं काम आहे, डोकं लावायचं ते लॉगिन कुणाचं आणि ॲपपर्यंत ओळी किती पोचतात यावर.

आधी लायसन्स बघून घ्या. एसक्यूएल सर्व्हर हा प्रीमियम कनेक्टर (ॲपला डेटाशी जोडणारा, वेगळं लायसन्स लागणारा दुवा) आहे, त्यामुळे ॲप बनवणाऱ्यालाच नाही तर वापरणाऱ्या प्रत्येकाला तसं लायसन्स लागतं. आयटीवाल्यांनी हा कनेक्टर ब्लॉक केलेला नाही ना, तेही विचारा.

१. ॲझ्युअर पोर्टलवर तुमच्या एसक्यूएल सर्व्हरचं नेटवर्किंगचं पान उघडा आणि ॲझ्युअरच्या सर्व्हिसेसना परवानगी देणारा चेकबॉक्स टिक करा, नाहीतर फायरवॉल कनेक्शनच होऊ देणार नाही. मात्र या एका टिकने फक्त तुमच्याच नाही तर इतरांच्या ॲझ्युअर सर्व्हिसेसनाही दारापर्यंत येता येतं, म्हणून ॲडमिनचा पासवर्ड ॲपमध्ये अजिबात वापरू नका.

२. टेबलला प्रायमरी की (प्रत्येक ओळ वेगळी ओळखता येईल असा कॉलम) आहे का बघा. नसेल तर डेटा दिसेल पण ॲपमधून सेव्ह काही होणार नाही, आणि मग लोक तासभर फॉर्ममध्ये चूक शोधत बसतात.

३. आता पॉवर ॲप्समध्ये कॅनव्हास ॲप (ज्याच्या स्क्रीन आपणच मांडतो ते) उघडून डेटा, मग ॲड डेटा, आणि तिथे एसक्यूएल सर्व्हर शोधा. इथे लॉगिनचा प्रकार विचारतो आणि खरी गोम इथेच आहे. एसक्यूएल ऑथेंटिकेशन घेतलं तर युजरनेम-पासवर्ड एकच, ॲप शेअर केलं की कनेक्शनही सोबत जातं, आणि डेटाबेसला सगळे जण एकच माणूस दिसतात. गॅलरीत (ॲपमधली ओळींची यादी) फिल्टर लावून ओळी लपवल्या म्हणजे सुरक्षा झाली असं नाही हं. त्यापेक्षा एन्ट्रा आयडी (मायक्रोसॉफ्टचं ऑफिसचं लॉगिन) घ्या, ज्याचा त्याचा लॉगिन आणि ज्याचे त्याचे हक्क. डेटाबेसमध्ये प्रत्येकाला किंवा त्यांच्या ग्रुपला परवानगी द्यावी लागते, कटकट आहे पण परवडते. मग सर्व्हर आणि डेटाबेसचं नाव टाकून टेबलं निवडा.

४. गॅलरी टाका, तिच्या आयटम्स प्रॉपर्टीत टेबल द्या, डेटा दिसायला लागेल. इथे खूश होऊन थांबू नका, कारण डेलिगेशन नावाची भानगड आहे. म्हणजे फिल्टर, सॉर्ट असलं काम पॉवर ॲप्स डेटाबेसकडे सोपवतं आणि तिथून फक्त उत्तर आणतं, पण तुमच्या फॉर्म्युल्यातलं एखादं फंक्शन सोपवता येण्यासारखं नसेल तर ते पहिल्या ५०० ओळीच खाली आणतं आणि तेवढ्यातच शोधतं. समजा १२००० ऑर्डरी आहेत आणि तुमची ऑर्डर ७००० व्या ओळीवर आहे, तर ती सापडणारच नाही, एररही येणार नाही, वापरणाऱ्याला वाटेल ऑर्डरच नाहीये. सेटिंग्जमध्ये मर्यादा २००० पर्यंत वाढवता येते पण तो इलाज नव्हे. क्लिअरकलेक्ट फंक्शन वापरून सगळं टेबल कलेक्शनमध्ये (ॲपच्या मेमरीतली तात्पुरती प्रत) भरून ठेवायची सवय असेल तर तीही याच मर्यादेत अडकते.

यावर एक मस्त युक्ती: ॲप बनवताना ती मर्यादा १ करून ठेवा. जो फॉर्म्युला डेलिगेट होत नाही त्याच्या गॅलरीत एकच ओळ दिसेल, चोर लगेच सापडतो. फॉर्म्युल्याखाली डेलिगेशनची वॉर्निंग येते ती पण वाचत जा, बरेच जण बघून न बघितल्यासारखं करतात.

५. एडिट फॉर्म टाका, डेटासोर्स तेच टेबल, बटणावर सबमिटफॉर्म (फॉर्म सेव्ह करणारं फंक्शन). उद्या टेबलात नवीन कॉलम आला तर ॲपला तो आपोआप कळत नाही, एडिटरमध्ये डेटासोर्स रिफ्रेश करून ॲप परत पब्लिश करावं लागतं.

शेवटी टेस्ट करताना स्वतःचं लॉगिन वापरू नका, तुमच्याकडे सगळे हक्क असतात त्यामुळे सगळं चालतंच. साधे हक्क असलेल्या कुणाकडून तरी ॲप उघडवून घ्या आणि त्याला एक जुनी ऑर्डर शोधायला आणि एक नवीन सेव्ह करायला सांगा, लायसन्स, परवानगी आणि डेलिगेशन तिन्ही एकदमच तपासून होतात.