पावसात गाडी काढण्याआधी एकदा खाली वाकून टायर बघा

पाऊस सुरू झाला की आपण वायपर बदलतो, काचा पुसतो, हेडलाइट बघतो, ते सगळं करायचंच, पण टायरकडे वाकून कुणी बघत नाही. गाडी रस्त्याला टेकते ती फक्त चार ठिकाणी आणि एकेक जागा जेमतेम तळहाताएवढी, तुमचा ब्रेक, स्टेअरिंग, एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) सगळं त्या चार तळहातांच्या जिवावर चालतं.

टायरवरची नक्षी असते पाणी बाजूला काढायला. खाचा खोल असल्या की टायरखालचं पाणी त्यातून निघून जातं आणि रबर डांबराला धरून राहतं, खाचा झिजल्या की पाण्याला जायला जागाच उरत नाही आणि वेगात असलेला टायर पाण्यावर चढून तरंगायला लागतो, ह्यालाच ॲक्वाप्लेनिंग म्हणतात. माझ्या बाबतीत हे एकदा झालंय. स्पीड ऐंशीच्या आसपास, रस्त्याच्या खोलगट भागात पाणी साचलेलं, चाकं त्यात गेली आणि स्टेअरिंग एकदम हलकं झालं, म्हणजे हातात नुसतं चाक आहे आणि खाली काही जोडलेलंच नाही असं. दोन सेकंद असतील फार तर, पण अजून आठवतात. घरी येऊन टायर बघितले तर बाहेरून ठीकच दिसत होते, स्टेअरिंग पूर्ण वळवून पुढच्या चाकांची आतली कड बघितली तेव्हा कळलं, अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन, बिघडल्यामुळे तिथली नक्षी जवळजवळ गेली होती. म्हणून सांगतो, आतल्या कडेला बोट फिरवून बघा.

असं झालंच तर ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच काढा, स्टेअरिंग सरळ धरून ठेवा, ब्रेक जोरात दाबू नका. वेग उतरला की टायर आपोआप रस्त्याला लागतो, पण घाबरून स्टेअरिंग फिरवून ठेवलेलं असेल तर ग्रिप परत येते त्या क्षणी गाडी त्याच बाजूला झेप घेते, खरा धोका तो आहे.

आता किती झिजलेला टायर चालतो? नवीन कार टायरची खाच साधारण 8 मिलीमीटर खोल असते. खाचेच्या तळाशी मधेमधे रबराचे छोटे उंचवटे दिसतील, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे 1.6 मिलीमीटर उरली, बऱ्याच देशांत कायद्याने तीच शेवटची मर्यादा आहे. पण कायद्यात बसतंय म्हणून पावसात भागतंय असं नाही, माझं स्पष्ट मत आहे की 3 मिलीमीटरला आलं की टायर बदलायच्या तयारीला लागा.

हवा टायर थंड असताना चेक करा आणि आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा घ्या, टायरवर छापलेला नको, तो कमाल मर्यादेचा असतो. पावसात ग्रिप वाढेल म्हणून हवा कमी करणारे लोक आहेत, कृपा करून करू नका, हवा कमी असली की टायर कमी वेगातच पाण्यावर चढतो.

नवीन टायर घेताना वेट ग्रिप, म्हणजे ओल्या रस्त्यावरची पकड, आधी बघा. युरोपातल्या लेबलवर 2021 पासून ए ते ई अशी ग्रेड असते, ए सगळ्यात चांगली. काही टायरवर ट्रॅक्शन एए, ए, बी, सी असं छापलेलं असतं, ते ओल्या रस्त्यावरच्या सरळ ब्रेकिंगचं माप आहे, वळणावर टायर कसा वागेल हे त्यातून कळत नाही. गोलाकार जाणाऱ्या रुंद, खोल खाचा असलेला टायर बघा, सिलिका कंपाउंड (सिलिका मिसळलेलं रबर) असेल तर उत्तम, ओल्यात ते चांगलं धरतं. नुसतं दिसायला छान म्हणून रुंद टायर टाकू नका, तितकीच नक्षी असेल तर रुंद टायर लवकर तरंगतो. टायरच्या बाजूला छापलेल्या डीओटी (DOT) ह्या अक्षरांच्या पुढचे शेवटचे चार आकडेही वाचा, त्यावरून टायर कधी बनला ते कळतं, 2324 म्हणजे 2024 चा तेविसावा आठवडा. साइडवॉलवर (टायरच्या बाजूच्या भिंतीवर) रोटेशनचा बाण किंवा आउटसाइड लिहिलेलं असेल तर फिटिंग त्याप्रमाणेच झालंय ना हे स्वतः उभं राहून बघा, उलटा बसलेला टायर पाणी नीट काढत नाही.

दोनच टायर बदलणार असाल तर नवीन मागे टाका. ऐकायला उलटं वाटतं, पण पुढच्या चाकांची पकड सुटली तर हातात लगेच कळतं आणि वेग कमी करून गाडी सावरता येते, मागच्यांची सुटली तर कळेपर्यंत गाडी गरकन फिरलेली असते.

चालवताना सगळ्यात जास्त जपायचं ते पाऊस सुरू झाल्या झाल्या, रस्त्यावरचं तेल आणि धूळ पाण्यात मिसळून जो निसरडा थर होतो तो नंतरच्या मोठ्या पावसात धुऊन जातो. पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं, पुलावरचे जॉइंट ह्यांवर ब्रेकही नको आणि वळणही नको. शंभरवरून ऐंशीवर आलात तरी ब्रेक लागल्यापासून थांबायचं अंतर साधारण एक तृतीयांशाने कमी होतं, आणि पुढच्या गाडीपासून एरवी दोन सेकंदांचं अंतर ठेवत असाल तर आता चार ठेवा. पुढच्या गाडीच्या चाकांनी पाणी बाजूला सारलेलं असतं, त्याच पट्ट्यातून चाला. क्रूझ कंट्रोल (ठरवलेला वेग आपोआप धरून ठेवणारी सोय) बंद. आणि वाहतं पाणी रस्त्यावरून जात असेल तर गाडी घालूच नका, 30 सेंटीमीटर पाण्यातही बऱ्याच कार तरंगायला लागतात आणि तिथे कितीही चांगला टायर असला तरी काही करू शकत नाही.