नापासांनो, फॉर्म आधी भरा, पेपर नंतर तपासून घ्या

दहावी-बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो आणि जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेचे फॉर्म लगेच सुरू होतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या मुलांसाठी कोकण विभागीय मंडळ आहे. रायगडची मुलं मुंबई मंडळात येतात, त्यामुळे महाड-श्रीवर्धनच्या मुलांनी चौकशी तिकडे करावी.

पैसे सगळ्यात जास्त वाया जातात ते एकाच ठिकाणी. मार्क कमी पडलेत असं वाटतं, पेपर पुन्हा तपासायला टाकला जातो, आणि त्या निकालाची वाट बघत पुरवणीचा फॉर्म राहून जातो. छायाप्रतीला (तपासलेल्या उत्तरपत्रिकेच्या कॉपीला) विषयामागे ४०० रुपये, पुनर्मूल्यांकनाला (पेपर पुन्हा तपासायला) ३०० रुपये आणि नुसत्या गुणपडताळणीला (मार्कांची बेरीज बघायला) ५० रुपये पडतात. आधी छायाप्रत हातात यायला हवी, तेव्हाच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. एवढं होईपर्यंत पुरवणीची साध्या शुल्काची मुदत संपते, मग विलंब शुल्क आणि त्यापुढे अतिविलंब शुल्क लागतं. अतिविलंब शुल्क दिवसागणिक वाढत जातं. म्हणून तपासणीच्या निकालाची वाट न बघता पुरवणीचा फॉर्म आधी भरा, तपासणीचा अर्ज त्याच्या पाठोपाठ करा. तपासणीत पास झालात तर पुरवणीची फी गेली असं समजा. ते नुकसान वर्ष वाया जाण्यापेक्षा फार लहान आहे.

फॉर्म तुमच्या शाळेच्या किंवा कॉलेजच्या लॉगिनवरूनच भरला जातो. १७ नंबरचा फॉर्म पहिल्यांदा बाहेरून बसणाऱ्यांसाठी असतो, नापासांसाठी नाही. 'मी करून देतो' म्हणणारा कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. ह्या दलालांनी कुणाचं भलं केलेलं नाही. शाळेतले क्लार्क मात्र नीट सांगतात, त्यांनाच विचारा. मे महिन्यात शाळा बंद असेल तर ते कोणत्या दिवशी येतात ते आधी फोन करून विचारा, नाहीतर एसटीचं भाडं फुकट जाईल. मंडळाची शेवटची तारीख आणि शाळेने दिलेली तारीख वेगळी असते. आपण शाळेचीच धरायची.

सोबत जुनी गुणपत्रिका न्या. तिच्यावरचा बैठक क्रमांक आणि परीक्षेचा महिना-वर्ष लागतो. शुल्कात परीक्षा शुल्काबरोबर गुणपत्रिका, प्रात्यक्षिक अशी वेगवेगळी कलमं असतात, म्हणून 'एकूण किती' एवढंच न विचारता कलमवार आकडा विचारा आणि पावती घ्या. पावतीवर मंडळाच्या शुल्काशिवाय दुसरं काही दिसलं तर ते कशाचं, हे विचारायला लाजू नका. प्री-लिस्टवर (फॉर्ममध्ये भरलेल्या माहितीच्या छापील यादीवर) सही करण्यापूर्वी विषयांचे कोड बघा. मराठीऐवजी दुसराच कोड पडला तर हॉल तिकिटावर चुकीचा विषय येतो आणि दुरुस्तीसाठी मंडळापर्यंत धावपळ होते.

घाबरू नका. दहावीत एक-दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीने, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या सवलतीने, अकरावीला प्रवेश मिळतो. पण प्रवेश मिळाला म्हणून पुरवणी सोडू नका, राहिलेले विषय सुटायलाच हवेत. आणि मुंबईला कामाला जाणार असाल तर फॉर्म भरून, पावती घरी ठेवून मगच गाडीत बसा.