आगोटीच्या यादीत खुराडंही घ्या

मे सरत आला की मुरबाड-शहापूरकडे घरोघरी आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीची, धांदल असते. लाकडं आत घ्यायची, सुकट-बोंबील डब्यांत भरायचे, मसाला कांडून ठेवायचा, कौलं चाळायची. या सगळ्यात कोंबड्यांचं खुराडं शेवटी राहतं. मग मृगाच्या पहिल्या सरीत कोणीतरी डोक्यावर पोतं घेऊन त्यावर प्लास्टिकचा कागद ओढत असतो. तो कोणीतरी बरीच वर्षं मीच होतो.

आपल्या ठाणे जिल्ह्यात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण मोठी कोंबडी त्या पावसाने सहसा मरत नाही. भिजली, पंख झटकले, पडवीत चुलीच्या उबेला बसली की झालं. ती मरते खालून येणाऱ्या ओलीने. माझं पहिलं खुराडं तिन्ही बाजूंनी विटांचं, वर कोरा पत्रा, खाली सारवलेली जमीन असं होतं. दिसायला झकास. आषाढात आतली जमीन घाम फुटल्यासारखी पाझरू लागली, विष्ठेचा चिखल झाला आणि दार उघडलं की डोळे चुरचुरायचे. तो अमोनिया. पंधरा पिल्लांतली चार उरली. बाकीच्यांना रक्ती हगवण लागली होती. या रोगाचे जंतू विष्ठेतून पडतात आणि ऊब नि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत दुसऱ्या पिल्लाला लागायला तयार होतात. म्हणजे औषध घेऊन येईपर्यंत खालचा चिखल पुढचं काम करून मोकळा.

म्हणून आपल्या भागात खुराडं जमिनीवर नको, खांबांवर हवं. दहा कोंबड्यांना रात्रीपुरतं ५ फूट लांब, ४ फूट रुंद पुरतं, म्हणजे दर कोंबडीला दोन चौरस फूट. तळ जमिनीपासून दोन-अडीच फूट वर घ्या. खांब बांबूचे केलेत तर दुसऱ्या पावसात बुडातून कुजतात. सिमेंटचा जुना पाइप किंवा लोखंडी अँगल मिळाला तर उत्तम, नाहीतर लाकडाचं बूड काळ्या ऑइलमध्ये भिजवून पुरा. तळाला बांबूच्या कामट्या ठोका, गुळगुळीत पाठ वर ठेवून, दोहोंत बोटभर फट. विष्ठा खाली पडते, कोंबडीचे पाय कोरडे राहतात. लहान पिल्लांचे पाय मात्र या फटींत अडकतात. ती महिन्याची होईपर्यंत वेगळी ठेवा.

भिंतींचं गणित वाऱ्यावर आहे. आपल्याकडे पाऊस पश्चिम-नैऋत्येकडून झोडपतो. ती बाजू कारवीच्या कुडाने, म्हणजे काड्यांच्या भिंतीने, पूर्ण बंद करा, बाकी तिन्हीकडे खाली फूटभर कूड आणि वर जाळी. छपराची पाखं अडीच-तीन फूट बाहेर काढा, पत्र्याला इथेच काटकसर करू नका. ताडपत्रीचा पडदा वरून खाली सोडायचा नाही, खालून वर ओढायचा आणि वर वीतभर फट कायम उघडी ठेवायची. पिल्लांना गारठा लागेल म्हणून सगळं बंद करणारे आपण, त्यांना कोंडून मारतो.

जाळी अर्ध्या इंचाची वेल्डिंगची घ्या. षटकोनी भोकांची स्वस्त जाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. दाराला नुसती खिट्टी पुरत नाही, वरून तार पिळा. पावसात रानमांजर घराच्या फार जवळ येतं.

आधीच जमिनीवर पक्कं खुराडं असेल तर ते मोडू नका. आत भाताचं तूस दोन-तीन इंच पसरा आणि दोन-चार पोती आत्ताच भरून कोरड्यात ठेवा, कारण जुलैत मिळणारं तूस ओलंच असतं. रोज सकाळी खराट्याने खालवर करा. मूठभर उचलून दाबून बघा. मूठ उघडल्यावर मोकळं झालं तर ठीक, लाडू वळला तर ते काढून नवीन घाला आणि थोडा चुना मिसळा. पाण्याचं भांडं विटेवर ठेवलं तर बरीच ओल तिथेच वाचते.

खाद्य पंधरा दिवसांपुरतंच आणा. दमट हवेत मक्याला आणि पेंडीला बुरशी धरते, तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन कोंबडीचं यकृत खाऊन टाकतं. बुरशीचं खाद्य उन्हात वाळवून घालणारे भेटतात, पण वाळवल्याने विष जात नाही. पोतं फळीवर, भिंतीपासून सुटं ठेवा. घरची कणी-कोंडा, चिमूटभर सुकटीचा चुरा, अंड्यावरच्या कोंबड्यांना शिंपल्यांची भुकटी असं चालतं. आणि राब (भाताच्या रोपांचा वाफा) पेरल्यापासून रोप चार बोटं वर येईपर्यंत कोंबड्या डांबून ठेवा. शेजाऱ्याचा राब उकरला की होणारं भांडण आवणीपर्यंत मिटत नाही.

मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस पाऊस लागायच्या आत झालीच पाहिजे. पिल्लाला पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा, आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी लसीचं इंजेक्शन. एका बाटलीत शंभर किंवा जास्त मात्रा असतात आणि फोडलेली बाटली दुसऱ्या दिवशी चालत नाही. आळीतल्या पाच-सहा घरांनी मिळून एकच दिवस ठरवा. लस थर्मासमध्ये बर्फावर आणायची. पाण्यातून देणार असाल तर एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते: पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल (जंतुनाशक क्लोरीनची पावडर) टाकते, आणि त्या पाण्यात लस मरते. म्हणून मला डोळ्यातला थेंबच भरवशाचा वाटतो. लसीच्या आठवडाभर आधी जंताचं औषध द्या.

एकाएकी तीन-चार कोंबड्या गेल्या तर मेलेली ओढ्यात फेकू नका आणि उरलेल्या घाईघाईने विकूही नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लू निघाला, तेव्हा एक किलोमीटरच्या परिघातले सगळे पक्षी नष्ट करावे लागले होते. लपवण्याने शेजाऱ्याचीही जातात.

नवी मुंबईच्या गावठाणांत, घणसोली-कोपरखैरणेकडे, गच्चीवर चार कोंबड्या पाळणाऱ्यांना एवढंच सांगतो: खाण्याच्या अंड्यांना कोंबडा लागत नाही. तो पहाटे साडेतीनला आरवतो आणि अख्खी सोसायटी तुमच्या नावाने. खुराडं पाण्याच्या टाकीपासून लांब ठेवा, विष्ठा रोज उचला.

जून-जुलैत खुडूक बसलेल्या कोंबडीखाली अंडी ठेवायचा मोह होतो. २१ दिवसांनी पिल्लं निघतात ती नेमकी झडीत. माझा हिशेब आता असा आहे की पावसात कोंबडीला रवणीला (अंडी उबवायला) बसवायचंच नाही. खुडूक मोडायला तिला तीन-चार दिवस कामट्यांच्या तळाच्या पिंजऱ्यात ठेवतो, पोटाखालून वारा लागला की ती उठते. पाण्यात बुचकळण्याची जुनी रीत या हवेत नको. दिवाळीनंतरची पिल्लं जगतात, आणि त्यांतले कोंबडे पुढच्या गटारीपर्यंत चांगले भरतात.

गटारीला गावठी कोंबड्याला जो भाव मिळतो तो वर्षात क्वचितच मिळतो, आणि दुसऱ्याच दिवशी श्रावण लागला की गिऱ्हाईक फिरकत नाही. म्हणून विकायचे कोंबडे आषाढातच वेगळे काढा, उगाच श्रावणभर दाणा घालू नका. तलंगा (अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबड्या) मात्र कितीही भाव आला तरी ठेवा. जातीचा एक भारदस्त कोंबडाही ठेवा, शक्यतो दुसऱ्या गावातून बदलून आणलेला.

गटारीनंतर खुराडं मोकळं होतं आणि श्रावणात ऊन-पाऊस सुरू होतो. कडक उन्हाचा एक दिवस साधून कामट्या घासून धुवा, वाळवा आणि चुन्याचा हात मारा. फटीफटींत चुना जाऊ द्या, बारीक लाल गोचिडी तिथेच दडून रात्री बाहेर पडतात.